बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा कागदोपत्री माग

पाचोळा

माझ्या वडिलांचे आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर) एवढं एक वाक्य सोडलं तर घरात त्यांच्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. फोटो नाही, पत्र नाही, पलटण कुठली तेही माहीत नाही. सरदार-इनामदारांच्या घराण्यांचे इतिहास छापलेले मिळतात, वंशावळी मिळतात, पण साध्या शिपायाचं नाव कोण कशाला लिहून ठेवेल असं वाटून मी आजवर या भानगडीत पडलोच नव्हतो. आता वडील ऐंशीला टेकलेत आणि त्यांनीच विषय लावून धरलाय, तेव्हा म्हटलं इथे चर्चेचा धागा काढून जाणकारांना विचारावं.

हाताशी काय आहे ते सांगतो. एक पदक आहे, चांदीचं असावं, एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसरीकडे घोड्यावर बसलेला उघडा माणूस, रिबन केव्हाच गेलीय. आजोबांचा, म्हणजे या शिपायाच्या मुलाचा, शाळेचा दाखला आहे, त्यावर जन्मसाल १९१३. आणि वडिलोपार्जित जमिनीचा चालू सातबारा. गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराकडचं, नाव इथे टाकत नाही कारण भावकीतले लोकही आंतरजालावर असतात आणि जमिनीचा विषय निघाला की काय होतं ते सगळ्यांना माहितीये :)

मुख्य म्हणजे ते कुठे आणि कधी गेले हे कळेल का? आणि दुसरं, आत्या म्हणते आजोबांना एक थोरला भाऊ होता, चुलते म्हणतात छे, एकुलते एक होते. यावरून दर लग्नकार्यात वाद होतो. हे कुठल्या कागदावरून ठरवता येईल?

घाटमाथा

पदकाचं वर्णन ब्रिटिश वॉर मेडलचं आहे. त्याची कड बघितलीत का? दोन्ही तोंडं नाही, कड, नाण्याच्या असते तशी. तिथे बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. झिजलेलं असेल तर घासायला जाऊ नका, चिंच नको, राख नको, पॉलिश तर अजिबात नको, आहे तेवढंही जाईल. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे खाचांमध्ये सावली पडते, आणि पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलवर फोटो काढा. मग फोटो मोठे करून अक्षर न् अक्षर लावा.

चांदीचं आहे म्हणताय म्हणजे लढाऊ शिपाई असण्याची शक्यता जास्त. खेचरवाले, भिस्ती, हमाल अशा लोकांना हेच पदक ब्राँझमध्ये दिलं होतं.

एक लक्षात ठेवा, तेव्हा शिपायाचा नंबर त्याच्या पलटणीपुरताच असायचा. नुसता नंबर मिळून उपयोग नाही, पलटण हवीच.

जुनं दप्तर

पलटण कळली की निम्मं काम झालं म्हणा. मराठ्यांच्या तेव्हा सहा पलटणी होत्या, १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ च्या पुनर्रचनेत या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, तीच आजची मराठा लाइट इन्फन्ट्री, केंद्र बेळगाव. पण मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असं धरून चालू नका. पायोनियर (रस्ते-खंदक करणाऱ्या) पलटणींत आपले लोक होते, खडकीच्या सॅपर्समध्ये (पूल-सुरुंगाचं काम करणाऱ्यांत) होते, रसद-वाहतुकीतही होते. हिंदुस्थानच्या फौजेतून त्या युद्धात १३ लाखांच्या वर माणसं होती आणि त्यातली १० लाखांहून जास्त समुद्रापार गेली, त्यामुळे कुठेही सापडू शकतात.

मयत शिपायासाठी सगळ्यात आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) संकेतस्थळ. शोध फुकट आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना जे मेले त्यांची नावं तिथे आहेत. जिवंत परत आलेल्यांची नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग 'आमचे आजोबा सापडत नाहीत' म्हणून निराश होतात.

बरं, नावाने शोधू नका. म्हणजे शोधा, पण त्यावर विसंबू नका. कारकुनाने ऐकलं तसं रोमन अक्षरात लिहिलंय. जाधवाचं जादव, जाधाव, जाडो काहीही होतं, रावजीचं राऊजी, रौजी होतं, आणि कित्येकदा आडनावाऐवजी बापाचं नावच येतं. त्यापेक्षा पलटण टाका, देश भारत टाका, आणि 'अधिक माहिती' नावाचा एक रकाना आहे त्यात जिल्हा किंवा तालुका टाकून बघा. बऱ्याच हिंदी (म्हणजे हिंदुस्थानी) शिपायांच्या नोंदीत अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. इंग्रज शिपायाच्या नोंदीत आईबापांचा रस्ता-घर नंबर असतो तसं.

वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या युद्धातल्या रोजच्या नोंदवह्या, वाचायच्या नादाला लागू नका, निदान सुरुवातीला तरी. त्यात साहेबांची नावं असतात, शिपाई म्हणजे नुसता आकडा, इतके मेले, इतके जखमी.

शंकेखोर

पण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावंच कोरलेली नाहीत असं वाचल्याचं आठवतंय. मग संकेतस्थळावर नावं आली कुठून?

जुनं दप्तर

बरोबर वाचलंत. बसरा मेमोरियल १९२९ मध्ये उभं राहिलं, ४० हजारांवर माणसांचं स्मारक आहे ते. पण भिंतीवर इंग्रज सगळे नावानिशी, हिंदी अधिकारी नावानिशी, आणि साधे हिंदी शिपाई पलटणीखाली नुसत्या संख्येने. नावं वेगळ्या यादीत, म्हणजे रोल ऑफ ऑनरमध्ये होती, ती आता संगणकावर आलीत. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही. शिवाय ते स्मारक आता मूळ जागेवर नाहीच, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्यामुळे तिथे जाऊन नाव शोधायचं वगैरे मनात असेल तर सोडून द्या.

वाटाड्या

आपल्याकडेही तेच की. कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, एक नाव नाही. आमच्या गावच्या पाटीवर तर गेल्या साली कुणीतरी स्विचबोर्ड बसवलाय. धागाकर्त्याच्या गावात असेल तर बघून या, निदान गावातून किती गेले ते कळेल आणि त्या आकड्याशी कमिशनच्या याद्या ताडून बघता येतील.

तलाठ्याची लेक

मी जरा वेगळं सांगते. वडील आणि आजोबा दोघेही तलाठी, त्यामुळे माझं लहानपण फेरफाराच्या (जमिनीच्या खातेदारांत झालेल्या बदलांच्या नोंदींच्या) वह्यांत गेलं.

सगळे जण शिपायाला शोधतात आणि पलटणीच्या कागदांत अडकतात. सरकारचा त्या शिपायाशी संबंध किती, तर पगार, पेन्शन आणि जमिनीचा सारा. तो जिवंत असेपर्यंत महसुलाच्या कागदात त्याचं काहीच घडत नाही, कारण तो गावात नसतोच. तो मेला की कागद हलतो. आणि तो कोण हलवतं, तर त्याची बायको, नाहीतर भाऊ. म्हणून पणजोबा राहू द्या बाजूला, पणजीला शोधा. तिने दिलेली वर्दी, तिच्या नावची नोंद, पोरांच्या वतीने केलेला अंगठा, यातच तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

आता कसं ते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात घेतला. त्यानंतर गावोगाव फेरफाराच्या नोंदी नीट व्हायला लागल्या, सुरुवातीचं साल गावागणिक वेगळं सापडेल. म्हणजे तुमचा माणूस अगदी मोक्याच्या काळात गेलाय (असं म्हणू नये, पण कागदाच्या दृष्टीने). दहा वर्षं आधी गेला असता तर काही हाती लागलं नसतं.

चालू सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, तिथून एकेक पायरी मागे जायचं. अमुक नंबरचा फेरफार काढला की त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं, मग त्याचा फेरफार. मध्येच एके ठिकाणी रस्ता तुटल्यासारखा वाटेल, कारण जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे भूमी अभिलेख कार्यालयातून नऊ-तीन नऊ-चारचा उतारा घ्यायचा, त्यात जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते दिसतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, घरबसल्या नक्कल मिळते. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. 'अ.पा.क.' असं दिसलं तर वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, आहे आणि पुढे लिहिलेलं नाव पालन करणाराचं आहे. 'ए.कु.क.' किंवा 'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंबाचा कर्ता. शिपायाला थोरला भाऊ असेल तर सगळी जमीन त्या भावाच्या नावावर ए.कु.क. म्हणून दिसेल आणि शिपायाचं नाव जमिनीला कधी लागलेलंच नसेल. तेव्हा नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं होत नाही. विधवेला एकत्र कुटुंबात हिस्सा देणारा कायदाच मुळी १९३७ चा, त्याआधी तिचं नाव आलं तर बहुतेक पालक म्हणून येतं, मालक म्हणून नाही.

रानजाई

वाखु (वाचनखूण) साठवली. ताई, तुम्ही या विषयावर स्वतंत्र लेख लिहाच.

वळणदार

तलाठ्याची लेक यांना +१. त्यात कोतवाल बुकाची भर घालते, मी मोडी वाचते म्हणून माझा त्याच्याशी जास्त संबंध.

जन्ममृत्यूची गावची नोंद म्हणजे गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं, महिन्यावार. शिपाई परदेशात मेला असेल तर त्याची मृत्यूनोंद गावच्या बुकात बहुधा सापडणार नाही, पण पोरांचे जन्म सापडतील. फक्त एक अडचण, जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेक नसतंच. बारसं व्हायच्या आधी कोतवालाने वर्दी दिलेली असते, त्यामुळे 'अमक्याला मुलगा' एवढंच. बापाचं नाव धरून पाचसहा वर्षांची पानं सलग वाचावी लागतात. दाखल्यावरच्या सालावर जाऊ नका, मास्तर पोराकडे बघून अंदाजाने वय टाकायचे.

मोडी येत नसेल तर घाबरू नका. या नोंदींत तेच तेच शब्द असतात, मुलगा, मुलगी, मयत, ताप, पटकी, वीसएक शब्द डोळ्यात बसले की पान चाळता येतं. फक्त नावं ओळखीच्या मोडी वाचकाकडून पक्की करून घ्या.

जुन्या कागदावर इंग्रजी साल नसेल तर शके असेल त्यात ७८ मिळवा, फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवा. फसली वर्ष जून-जुलैत बदलतं, तेव्हा महिना बघून एक वर्ष इकडेतिकडे होईल.

अलीकडे कुणबी नोंदी शोधायच्या कामात बऱ्याच जिल्ह्यांनी कोतवाल बुकं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकलीत, तुमचं गाव त्यात आहे का बघा.

शंकेखोर

कुणबी नोंदी म्हणालात, आता या धाग्याचा काश्मीर होणार, म्हणजे भांडणं पेटणार.

संपादक

होऊ द्यायचा नाहीये. आरक्षणावरचे प्रतिसाद अप्रकाशित केले जातील, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

दर्यावर्दी

अवांतर होईल पण कोकणातल्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. आमच्याकडचे पणजोबा-खापरपणजोबा पलटणीत कमी आणि बोटीवर जास्त. पहिल्या युद्धात बुडालेल्या बोटींवरच्या हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात आहे, इंडियन सेलर्स होम, दोन हजारांवर खलाशी आहेत. यांच्याही नोंदी कमिशनच्याच संकेतस्थळावर, फक्त पलटणीच्या जागी बोटीचं नाव टाकायचं. खलाशी, आगवाले, भंडारी सगळे आहेत. आमच्या वाडीतले दोघे मला तिथे सापडले, आणि गावात समज असा की ते विलायतेत दुसरं लग्न करून राहिले.

पाचोळा

मंडळी, कुणाकुणाचे आभार मानू. बरंच काही हाती लागलंय, सविस्तर लिहितो.

पदकाच्या कडेचं काम भाच्याने केलं. मधली चारपाच अक्षरं झिजलीत, पण नंबर चार आकडी पूर्ण वाचता येतो, पुढे शिपाई हा हुद्दा, आणि शेवटी स्पष्ट ११० आणि मराठाज. म्हणजे ११० वी पलटण.

मग कमिशनच्या संकेतस्थळावर ११० वी पलटण आणि अधिक माहितीत तालुका टाकला. गावाचं स्पेलिंग इतकं विचित्र आहे की मोठ्याने वाचल्यावरच कळलं, आमच्याच वाडीचं नाव, शेवटचा स्वर खाल्लेला. नाव पणजोबांचं, बापाचं नाव आमच्या वंशावळीत आहे तेच, नंबर पदकावरचाच. स्मारक बसरा. मृत्यू १९१६ चा सप्टेंबर.

हे वडिलांना वाचून दाखवलं तर ते पहिल्यांदा म्हणाले की तारीख चुकलीय, कारण त्यांनी लहानपणी ऐकलेलं ते असं की वेढ्यात उपासमारीने गेले. आता वेढा कुठला, कसला, ते मला माहीत नव्हतं. कुणी सांगेल का?

फेरफारही मिळाला. आमच्या गावाचे ऑनलाइन नव्हते, तहसीलला अर्ज करून बऱ्याच खेपा घातल्या, आधी 'रजिस्टर जीर्ण आहे' ऐकून घेतलं, मग एका भल्या कारकुनाने काढून दिलं. नोंद १९१८ च्या उन्हाळ्यातली आहे. जशी आहे तशी, नावं गाळून: 'सदर खातेदार पलटणीत नोकरीस असता लढाईवर मयत झालेची वर्दी मयताची बायको हिने दिलेवरून, वारस मुलगे दोन, वय ८ व ५, अज्ञान, अ.पा.क. आई.' खाली डाव्या हाताचा अंगठा.

मुलगे दोन! आत्या जिंकली. धाकटा म्हणजे आमचे आजोबा, वय बरोबर जुळतंय. थोरल्याचं नाव आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नाही, आत्यालाही तेवढं माहीत नव्हतं.

जुनं दप्तर

अभिनंदन! वडिलांनी ऐकलेलं पूर्ण खोटं नाही आणि कागदही खोटा नाही, थांबा सांगतो.

११० वी पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती, तिला पुणे डिव्हिजन म्हणायचे. १०३ आणि ११७ याही मराठा पलटणी त्याच डिव्हिजनमध्ये. बसऱ्याहून वर बगदादकडे चाल करून गेले, बगदादजवळ टेसिफॉनला मार खाऊन मागे आले आणि कुत अल अमारा या गावात अडकले. तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ ला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. शेवटी खायला घोडे होते. बरेच हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी पुष्कळांनी उशिरापर्यंत तोंड लावलं नाही. स्कर्व्हीने (ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या रोगाने), अशक्तपणाने माणसं आधीच खंगलेली होती.

तुमच्या पणजोबांची तारीख सप्टेंबरची आहे, म्हणजे वेढ्यातून ते जिवंत बाहेर पडले आणि कैदेत गेले असणार. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं, आणि शिपायांना उन्हाळ्यात चालवत बगदाद, मोसूल करत रास अल ऐनकडे नेलं, तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत आणि त्या छावण्यांत हजारो मेले. कुठे पुरलं याचा पत्ता नाही म्हणून नाव बसऱ्याच्या स्मारकाखाली. कैदेतल्या मृत्यूची तारीख म्हणजे कागदावर मान्य केलेली तारीख समजा, ती तंतोतंत खरी असेलच असं नाही.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या ऑनलाइन ठेवल्यात, तिथे एकदा बघा. सगळे सापडत नाहीत, स्कॅन केलेली पानं एकेक उलटावी लागतात. पण पलटण आणि नंबर हातात आहे तर प्रयत्न करायला हरकत नाही.

शंकेखोर

मी नेहमीप्रमाणे खडा टाकतो. एकाच पलटणीत एकाच नावाचे पाचसहा शिपाई असायचे. 'नाव जुळलं, झालं' करून लोक संकेतस्थळांवर वंशवृक्ष चढवतात आणि मग दुसरे तेच उचलतात, दोन वर्षांत चुकीचा बाप पन्नास ठिकाणी पक्का होतो. इथे नंबर पदकावर आणि यादीत दोन्हीकडे एकच आहे, बापाचं नाव आणि गावही जुळतंय, म्हणून मी मान्य करतो. पण पदक तुमच्याच घरातलं याला आधार काय? पदकं विकत घेतलेलीही असतात.

पाचोळा

अहो पदक देव्हाऱ्यात होतं, पणजीने ठेवलेलं, विकत कोण घेणार :) आणि फेरफारात लढाईवर मयत लिहिलंय की.

शंकेखोर

मग ठीक. फेरफार आणि यादी हे दोन कागद एकमेकांवरून लिहिलेले नाहीत, म्हणून ते जुळण्याला किंमत आहे.

तलाठ्याची लेक

त्या फेरफाराच्या पुढचा फेरफार बघितलात का? थोरल्याचं नाव पुढे सातबाऱ्यावर नाही म्हणजे ते कधीतरी कमी झालंय, आणि कमी करायलाही नोंद लागते.

शिवाय आणखी एक. आजोबांचा शाळेचा दाखला कुठल्या गावचा आहे? तुमच्या गावचा की दुसऱ्या?

पाचोळा

ताई, धन्य आहात. दाखला दुसऱ्याच तालुक्यातल्या गावचा आहे, आणि इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आपल्या गावात तेव्हा शाळा नसेल.

तलाठ्याची लेक

तेच. ते बहुतेक पणजीचं माहेर. नवरा गेल्यावर पोराला घेऊन भावाकडे गेली असणार. बाईच्या माहेरचं नाव सासरच्या कुठल्याच कागदात येत नाही, ते असं आडवाटेने काढावं लागतं. त्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघायला मागा, त्यात पालकाचं नाव असतं. पालक म्हणून मामा लागला असेल तर पणजीचं आडनाव तुम्हाला मिळालं.

रानजाई

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडेही नामावळी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या घराण्याची चोपडी काढतात, कुणी कधी येऊन गेलं, सोबत कोण, मुलांची नावं. शेतकरी घरातले लोकही अस्थी घेऊन जायचेच. आमच्याकडे पाच पिढ्या तिथे मिळाल्या. बायकांची नावंही होती, माहेरासकट नाही पण होती.

निळी वही

धागा वाचतेय पहिल्यापासून. आमच्या खापरपणजोबांबद्दल घरात 'महार पलटणीत होते' एवढंच सांगतात, पहिल्या युद्धातले. तेव्हा अशी पलटण होती का? कारण एकीकडे वाचलं की महार रेजिमेंट दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली.

जुनं दप्तर

दोन्ही बरोबर. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, मग युद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. घरात पदक किंवा कागद काही असेल तर १११ हा आकडा शोधा. परत आले असतील तर कमिशनच्या यादीत नसणार, मग कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर हाच रस्ता.

निळी वही

खूप आभार. जमीन नव्हती, त्यामुळे फेरफाराचा मार्ग आमच्यासाठी बंद. मोठा ट्रंक आहे मावशीकडे, तो आधी उघडते.

वळणदार

निळी वही, वतनाची, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली, जमीन होती का ते विचारा. महार वतनाच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जायच्या, त्यात भाऊबंदांची नावं वाटणीसकट येतात. 'जमीन नव्हती' असं सांगणाऱ्या घरांतही वतनाचा तुकडा निघतो.

पाचोळा

आणखी काही पानं मिळालीत. १९१९ च्या फेरफारात थोरल्याचं नाव 'मयत सबब कमी केले' आहे. त्यावरून कोतवाल बुकाचं १९१८ सालचं मागितलं, मोडी असल्यामुळे फोटो वळणदार ताईंना व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवले होते, त्यांनी वाचून दिलं. ऑक्टोबर महिना, मुलगा, वय ८, बापाचं नाव, ताप. त्या महिन्यात आमच्या एवढ्याशा वाडीत एकाखाली एक सगळं तापच आहे.

वळणदार

मानमोडी ती, १९१८ चा इन्फ्लुएंझा. सप्टेंबर-ऑक्टोबरचं कुठल्याही गावचं बुक काढा, असंच दिसतं. एरवी एका पानात दोन-तीन महिने मावतात, तिथे एका महिन्याला तीन-चार पानं लागतात. मुलाच्या नोंदीत नाव आहे हे तुमचं नशीब, आणि ते फेरफारातल्या नावाशी जुळतं.

पाचोळा

आता त्याचं नाव वंशावळीत लिहिलंय. चुलत्यांना फोटो पाठवले, त्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं फक्त, म्हणजे मान्य आहे असं धरतो.

आजोबांच्या मामाच्या गावच्या शाळेत पुढच्या आठवड्यात जाणार आहे. आणि बेळगावला पत्र लिहायचं मनात आहे, ११० व्या पलटणीचे जुने रोल (नावांच्या याद्या) वगैरे काही आहेत का विचारायला. कसं लिहावं?

घाटमाथा

साधं लिहा, एका पानाच्या वर नको. नंबर, हुद्दा, नाव पदकावर जसं कोरलंय तसं आणि यादीत जसं आहे तसं, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, मृत्यूची तारीख, सोबत पदकाचा आणि यादीतल्या नोंदीचा फोटो. तुमचं नातं काय तेही लिहा.

आणि एक भानगड आहे ती आधीच सांगतो. ११० वी ही १९२२ मध्ये पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली, पण ती बटालियन पुढे छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आजची २ पॅरा ती हीच. त्यामुळे पत्रात जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही घाला, नाहीतर 'ही पलटण आमच्याकडे नाही' असं एका ओळीचं उत्तर येऊ शकतं. मी असतो तर एक प्रत बेळगावला आणि एक पॅराच्या केंद्राला अशा दोन्ही एकदमच टाकल्या असत्या, स्पीड पोस्टाने.